साठवणे साहेबांना न दिसलेला तेजोमेघ

शैला,

तुझ्या श्रद्धांजली सभेत बोलायला उठलेल्या प्रत्येकानं तू आकाशातला तारा झालीस असं सांगितलं. पहिल्यानं सांगितलं तेव्हा मी ऐकून घेतलं. दुसऱ्याच्या वेळी मी पदर तोंडाशी नेला, आणि शेजारच्या बाईला वाटलं मला हुंदका आला. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला हसू आवरत नव्हतं. ज्या बाईनं आयुष्यभर नववी-दहावीच्या पोरांना ताऱ्याच्या पोटात काय जळतं ते फळ्यावर समजावून सांगितलं, तिला मेल्यावर हे ऐकावं लागत होतं. वक्त्यांतला एक तर तुझाच विद्यार्थी. त्याला तू काठावर पास केलं होतंस, आणि त्याचं भाषण ऐकल्यावर मला वाटलं, उगाच केलंस.

त्यातून तारे तुला फारसे आवडायचेही नाहीत. ठिपका तो ठिपका, त्यात पाहायचं काय, असं तू म्हणायचीस. शनीची कडी पाहून ओरडणाऱ्या लोकांची तर तुला कीव यायची. तुझा जीव होता तेजोमेघांवर. ताऱ्यांच्या मधे कुठंतरी पसरलेला वायू आणि धूळ, जिचा उजेड इतका फिका की सरळ पाहायला गेलं तर नाहीसा होतो. मोठमोठ्या कॅमेऱ्यांना तो लालनिळा दिसतो. आपल्या डोळ्यांना दिसतो तो काचेवर कुणी फुंकर घातल्यासारखा. तेवढ्यासाठी तू निवृत्तीनंतरची सगळी वर्षं घालवलीस, आणि मी तुझ्यामागे फरफटत आले. मराठीची मास्तरीण, जिला धड सप्तर्षी ओळखता येत नव्हते.

शाळेतून निवृत्त झालेल्या बाया काय काय करतात ते आपण दोघींनी पाहिलं. कुणी भिशी लावली, कुणी भजनी मंडळ काढलं, कुणी परदेशात नातवंडं सांभाळायला गेल्या आणि तिथून थंडीचे फोटो पाठवू लागल्या. तू बायनॉक्युलर घेतलीस. नंतर एक छोटी साडेचार इंची दुर्बीण. नागपुरात, सक्करदऱ्याला आपल्या गच्चीवरून चंद्राखेरीज काही धड दिसत नाही, हे तुला पहिल्याच आठवड्यात कळलं. तलावाच्या बाजूनं दिवे, रस्त्यावर दिवे, मंगल कार्यालयांवर दिवे, आणि उत्तरेला कामठीपर्यंत नुसता पिवळा उजेड. पण तुझा भाऊ मधूभाऊ काटोलकडे संत्र्याची बाग करतो. हंगामात तो कळमन्याच्या बाजारात माल घेऊन यायचा. माल उतरला की रिकाम्या पिकअपमध्ये पुढच्या सीटवर आपण दोघी, मांडीवर बायनॉक्युलरची पिशवी, आणि मागे गोधडीत गुंडाळलेली ती दुर्बीण. तुझा मुलगा निखिल याला आईचा टाइमपास म्हणायचा. माझी मुलगी पुण्याहून फोनवर विचारायची, आई, या वयात शेतात जाऊन झोपता का? मी सांगायचे, झोपत नाही, हीच तर अडचण आहे.

पहिल्या हिवाळ्यात मला काहीही दिसलं नाही. तू खाटेवर उताणी पडून डोक्यावरून काळं फडकं घ्यायचीस, बागेतल्या शिडीच्या पायरीवर बायनॉक्युलर टेकवायचीस, आणि म्हणायचीस, दिसला. मी तुझ्या जागी पडायचे, आणि तिथं काळोख असायचा. एकदा मी वैतागून म्हटलं की तू मला बनवते आहेस. तू चिडली नाहीस. तू शेजारी बसलीस आणि माझ्या कानाशी सांगितलंस, "सरळ नको पाहू वं कुंदे. बाजूच्या ताऱ्यावर नजर ठेव, अन् मनानं इकडं पाहा. अन् बोलू नको, बोलली की हात हालते." मग तू स्वतःच बायनॉक्युलरला बोटानं हलकी टिचकी मारलीस, आणि त्या थरथरीत, नजरेच्या कडेला, काहीतरी फिकट सरकलं. मी श्वास धरून पडले होते. हालणारी गोष्ट डोळ्याला लवकर सापडते, एवढंच तू सांगितलंस. भौतिकशास्त्राच्या बाईकडून मला एवढी एकच गोष्ट शिकायला मिळाली, पण ती पक्की बसली.

कुंभ राशीतला तो मोठा गोल तेजोमेघ, ज्याला हेलिक्स म्हणतात, तो तुझा सगळ्यात लाडका. दिवाळीनंतर अंधार पडला की दक्षिणेला एकटा ठळक तारा दिसतो, मीनास्य. त्याच्या वर, जरा उजवीकडे. म्हाताऱ्या ताऱ्यानं अंगावरून उतरवून टाकलेलं कवच ते. आपल्याला तो बायनॉक्युलरमधून दर वर्षी दिसायचा. आणि तुझ्या साडेचार इंची दुर्बिणीतून, तिचं जास्त मोठं दाखवणारं भिंग लावलं, की दिसायचा नाही. मी विचारलं, हे उलटं कसं? तू म्हणालीस की हा मेघ पसरट आहे, चंद्राच्या जवळपास अर्धा. त्याचा सगळा उजेड त्या पसाऱ्यात पातळ झालेला. जितकं मोठं करून पाहशील तितका तो आणखी पातळ होईल, आणि शेवटी तुझ्या भिंगात सगळीकडे तोच असेल, कडेला काळं आकाशच उरणार नाही. मग तो आहे हे कशावरून ओळखणार? भिंतीला नाक लावून भिंत शोधायची तसं. हे इतकं सोपं होतं की मला, व्याकरण शिकवणारीला, एका दमात कळलं.

साठवणे साहेबांना ते अजून कळलेलं नाही.

त्यांच्याबद्दल मला जे वाटतं ते मी इथं लिहिते, कारण सभेत ते बोलायची सोय नव्हती. शहरातल्या आकाशप्रेमींच्या मंडळाचे ते अध्यक्ष. निवृत्त इंजिनिअर. त्यांच्याकडे बारा इंची दुर्बीण आहे, जी बटण दाबलं की आपोआप फिरते. ती फिरते तेव्हा बारीक घर्र आवाज होतो, आणि त्या आवाजाकडे लोकांनी लक्ष द्यावं म्हणून साहेब बोलणं थांबवतात. हातात हिरवा लेसर. बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'बरं का'. या माणसानं स्वतः कधी मान वर करून कुठला तारा शोधला असेल असं मला वाटत नाही. यंत्रानं सांगितलं की इथं आहे, की ते म्हणतात इथं आहे.

मागच्या डिसेंबरात त्यांनी उमरेडकडच्या एका फार्महाऊसवर आकाशदर्शन ठेवलं. तुला जायचं नव्हतं. मीच म्हटलं, जाऊ या, निदान नवीन माणसं भेटतील. निखिल गाडी घेऊन आला आणि त्याची नवी बायको मृणाल बरोबर आली. लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते तिच्या. तिथं पोचलो तर शेकोटी पेटलेली, गाड्यांचे दिवे, मोबाइल, भजी. तू एका कोपऱ्यात, आंब्याच्या झाडाच्या आडोशाला खुर्ची टाकून बसलीस आणि डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत कुणाशी बोलली नाहीस. मग हेलिक्स शोधलास. मृणाल शेजारी उभी होती. तू तिला विचारलंस, पाहतेस का? ती पाहायला बसली आणि बराच वेळ बसली. तू मला जसं सांगितलं होतंस तसंच तिला सांगितलंस. मग ती म्हणाली, "आई, काहीतरी आहे. गोल आहे."

साठवणे साहेब तिथून चालले होते. त्यांनी ऐकलं. काय सापडलं म्हणून विचारलं, आणि तू सांगितलंस. साहेब हसले. हेलिक्स, बायनॉक्युलरमधून? चला, आमच्या बारा इंचीला विचारू. सगळी मंडळी त्या दुर्बिणीभोवती गोळा झाली. घर्र आवाज झाला, ती फिरली. साहेबांनी सगळ्यात जास्त मोठं दाखवणारं भिंग लावलं, डोळा लावला, आणि जाहीर केलं की इथं काही नाही. तू एकदा, एकदाच म्हणालीस, सर, कमी मोठं दाखवणारं भिंग लावून पाहता का? साहेब म्हणाले, ताई, ही बारा इंची आहे, बरं का. लोक हसले. मग ते मृणालकडे वळले. सासूबाईंना दिसलं की सुनेला दिसायलाच हवं, नाही का, लग्न नवीन आहे. त्यावर आणखी मोठं हसणं. निखिलही हसला. मी ते पाहिलं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात तू माझं कोपर धरलंस. आणि म्हणालीस, "असंल सर. डोळे म्हातारे झाले माहे. भास झाला असंल."

मृणाल तिथंच उभी होती. तिनं तुझ्याकडे पाहिलं. साहेबांकडे नाही, तुझ्याकडे. तिला दिसलेला गोल तू तिच्यासमोर पुसून टाकलास, आणि ती सगळ्या लोकांमध्ये सासूची खुशमस्करी करणारी नवी सून म्हणून उरली. परत येताना ती गाडीत पुढं बसली होती. सक्करदऱ्यापर्यंत तिनं मान वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी तलावाकडे फिरायला गेलो तेव्हा मी तुला विचारलं, असं का केलंस? तू म्हणालीस, "काहून वं, काय केलं मी?" मी म्हटलं, विषय टाळू नकोस. मग तू थांबलीस आणि जे बोललीस ते मी विसरलेले नाही. "त्यायले दाखवून काय करायचं होतं, कुंदे? त्यायले पाहायचंच नव्हतं. मशीन दाखवायची होती. अशा माणसासंग मी वाद घालू? मले त्याची किंमतच वाटत नाही." तुझ्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच ते मला जास्त लागलं. मी लोकांना तुच्छ लेखते ते तोंडावर, भडाभडा, आणि घरी येऊन चहा पिते. तुझं थंड असायचं. साठवणे तुझ्या लेखी वाद घालण्याच्याही लायकीचे नव्हते.

मी विचारलं, आणि मृणालचं काय? तू त्यांना तुच्छ लेखलंस, ठीक आहे. भोगलं कुणी? मला आणखी बोलायचं होतं. की तुला दिसलं आणि तू नाही म्हणालीस हे खोटं बोलणं आहे. की शाळेत एखाद्या पोरीनं बरोबर उत्तर दिलं आणि वर्ग हसला, तर तू वर्गाला उभं केलं असतंस. मी यातलं बरंच बोलले, चांगला अर्धा तलाव चालून होईपर्यंत. तू चालत राहिलीस. शेवटी म्हणालीस की तुला कोथिंबीर घ्यायची आहे.

पुढच्या महिन्यात मंडळाच्या पत्रकात छापून आलं की हेलिक्स बायनॉक्युलरमधून दिसतो हा हौशी लोकांचा गैरसमज आहे. मी ते पत्रक पुण्याहून परत आल्यावर पाहिलं. आपल्या भांडणानंतर मी मुलीकडे गेले होते, ती संक्रांत करूनच परतले. पत्रक तुझ्या दारच्या ओट्यावर होतं आणि त्यावर तू लसूण सोलत होतीस. मृणाल आतून चहा घेऊन आली आणि माझ्याशी नीट बोलली. मला वाटलं, पोरगी सोशीक आहे. मला वाटलं, ती आता आयुष्यात कधी वर पाहायची नाही, आणि याचं खापर तुझ्या डोक्यावर.

तो वाद तसाच राहिला. वर्षभर आपण एकत्र भाजी आणली, एकमेकींच्या गोळ्यांची आठवण केली, शाळेच्या नव्या मुख्याध्यापिकेची यथेच्छ निंदा केली. पावसाळा सरला, बागेला संत्रं आलं, दिवाळीआधी एका शनिवारी मधूभाऊबरोबर आपण गेलोही. हेलिक्स दोघींनी पाहिला. तू माझ्यासाठी खाटेवर जागा केलीस, मी पाहिला, तू पाहिलास, आणि आपण त्याच्याबद्दल एक शब्द बोललो नाही. मला तेव्हा वाटलं होतं, एखाद्या दिवशी ही स्वतःहून बोलेल. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू चहाचं आधण ठेवलंस आणि तिथंच खाली बसलीस. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. माझ्याजवळ अर्धवट भांडण उरलं, आणि ते कुठं ठेवावं हे मला कळत नव्हतं.

तेरवीनंतरच्या रविवारी सभा झाली. सभा निखिलनं ठेवली, पण हॉल, खुर्च्या, माइक, सगळं साठवणे साहेबांच्या मंडळानं. तुझ्या फोटोला मोगऱ्याचा हार, ज्याच्या वासानं तुला शिंका यायच्या. समोरच्या टेबलावर तुझी साडेचार इंची दुर्बीण पुसून ठेवलेली. शेवटी साहेब उठले. त्यांनी भिंतीवर एक चित्र दाखवलं, भिंतभर. लालबुंद कडा, आत निळं, मध्ये बुबुळासारखं काळं. हेलिक्स. कुठल्यातरी मोठ्या यंत्रानं काढलेला फोटो. मग साहेब म्हणाले, आमच्या शैलाताईंचा हा फार आवडता तेजोमेघ, बरं का. तो एकदा डोळ्यांनी पाहायची त्यांची फार इच्छा होती. वयोमानामुळं ते जमलं नाही. पण आज त्या स्वतःच तिथं पोचल्या आहेत.

लोकांनी डोळे पुसले, शैला. खरंच पुसले.

त्यानंतर त्यांनी सांगितलं की तुझी दुर्बीण आणि बायनॉक्युलर निखिल मंडळाला भेट देत आहे, आणि ती मंडळाच्या कार्यालयात काचेच्या कपाटात ठेवली जाईल. काचेच्या कपाटात, म्हणजे त्यातून पुन्हा कुणी पाहणार नाही याची पक्की सोय.

मी उभी राहिले. माझ्या हातात माइक नव्हता आणि मला तो लागतही नाही, हे तुला माहीत आहे. मी म्हटलं, "साहेब, तिला हेलिक्स दिसला होता. दर वर्षी दिसायचा. मलाही दिसला." साहेबांनी मान तिरकी केली आणि आजाऱ्याशी बोलावं तसं म्हणाले, कुंदाताई, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. मैत्रीण गेली की असं होतं. पुढच्या रांगेतल्या माणसांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. कुणीतरी पाण्याची बाटली पुढं केली. मी जन्मभर मराठी शिकवलं, आणि त्या वेळी माझ्याजवळ पुढचं वाक्य नव्हतं. भिंतीवरचा तो लालनिळा डोळा माझ्याकडे पाहत होता आणि माझ्या खरेपणाला त्याच्यासमोर काही रंगच नव्हता.

तेव्हा बायकांच्या बाजूनं मृणाल उठली. तुझी बायनॉक्युलरची पिशवी तिच्या मांडीवर होती, ती द्यायला म्हणून आणलेली. ती म्हणाली, "सर, मी पाहिलाय."

साहेबांनी विचारलं, फोटोत का?

"नाही. यातून." तिनं पिशवीवर हात ठेवला.

साहेब हसले. त्यांना आठवलं असावं. बरं, मग कसा दिसला सांगा बरं सगळ्यांना, असं म्हणून त्यांनी भिंतीकडे हात केला. मृणालनं त्या चित्राकडे नीट पाहिलं. घाई केली नाही.

"असा तर अजिबात नाही," ती म्हणाली. "रंग नाही त्याला. राखेचा हात काचेवर टेकवला तर जसा ठसा उमटेल तसा आहे, गोल, फिकट. सरळ पाहिलं की जातो. बाजूला पाहिलं की येतो. मध्ये जरा विरळ आहे असं मला दोनदा वाटलं, पण ते मी खात्रीनं नाही सांगत." मग तिनं विचारलं, "तुम्ही पाहिलाय का, सर?"

साहेब म्हणाले, मंडळाच्या कॅमेऱ्यानं आम्ही अनेकदा...

"कॅमेऱ्यानं नाही. तुम्ही."

हॉलमध्ये पंख्याचा आवाज येत होता. साहेबांनी लॅपटॉपकडे पाहिलं, बटण दाबलं, आणि हेलिक्स जाऊन तुझा हार घातलेला फोटो भिंतीवर आला. त्यांनी दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितली. ती आधीच पाळून झाली होती. निखिल हळूच म्हणाला, मृणाल, बस. ती बसली, पण पिशवी खांद्याला अडकवून बसली. सभा संपल्यावर मंडळाचा माणूस ती मागायला आला तेव्हा ती म्हणाली, ही मी देत नाही. निखिल पुढं आला आणि तिथंच थांबला. मला वाटतं तो तेव्हा पहिल्यांदा आपल्या बायकोला पाहत होता, आणि कदाचित आईलाही.

दुर्बीण मात्र गेली. ती आधीच साहेबांच्या गाडीत ठेवली होती. तिचा आरसा मागच्या पावसाळ्यात काळवंडला होता आणि तू तो बदलणार होतीस. त्यांना ते कधी कळणार नाही.

पौर्णिमा उलटून चंद्र उशिरा उगवायला लागला, तेव्हा मी मधूभाऊला फोन केला. तो कळमन्याला आलेलाच होता. मी मृणालला विचारलं, येतेस का? ती आधीच तयार होती. पिकअपमध्ये तुझ्या जागी ती बसली, आणि मला वाटलं होतं मला ते सहन होणार नाही, पण झालं. मधूभाऊ रस्ताभर संत्र्याच्या भावाबद्दल बोलत होता, कारण तुझ्याबद्दल बोलला असता तर त्याला गाडी चालवता आली नसती.

बागेत पोचलो तेव्हा अंधार पडत होता. मी तिला खाट कुठं टाकायची ते सांगायला लागले, तर तिनं ती गोठ्याच्या मागून स्वतःच आणली आणि बरोबर त्याच जागी टाकली, जिथून विहिरीवरचा दिवा झाडाआड जातो. शिडी आणली. काळं फडकं पिशवीतून काढलं. मी पाहत राहिले. मग मी विचारलं, तू इथं आधी आली आहेस?

ती आडवी झाली होती. फडक्याखालून तिचा आवाज आला. हो, मागच्या डिसेंबरात, तुम्ही पुण्याला होता तेव्हा. आई मला तीन-चार शनिवार घेऊन आल्या होत्या.

शैला, तू मला हे सांगितलं नाहीस. वर्षभर. मी तुझ्या ओट्याशी बसून मनातल्या मनात तुझ्यावर खापर फोडत राहिले आणि तू लसूण सोलत राहिलीस.

मी मृणालला विचारलं की तू त्या उमरेडच्या प्रकाराबद्दल तिच्याशी काही बोललीस का. ती म्हणाली, पहिल्याच दिवशी बोलल्या. इथं, खाटेवर बसून. म्हणाल्या, "त्या माणसाशी न बोलून मी मोठी झाली असं मले वाटलं. तुले एकटी पाडलं. चुकलं माझं. आता तुले दिसेपर्यंत मी येत राहीन." आणि तिसऱ्या शनिवारी, मृणाल म्हणाली, मला नीट दिसला. तोपर्यंत त्या दर वेळी माझ्या पायाशी बसून राहायच्या, स्वतः पाहायच्या नाहीत.

मी बरोबर होते, हे तू कबूल केलं होतंस. माझ्याखेरीज दुसऱ्या कुणाजवळ तरी.

मृणाल जरा वेळानं म्हणाली, मावशी, एक सांगू का, रागवू नका. मी आईंना म्हटलं होतं, हे कुंदामावशींना सांगा ना, त्यांना बरं वाटेल. तर त्या हसल्या. "कुंदाले नको सांगू वं. ते बरोबर होती हे तिले समजलं, तर वर्षभर भाषण देईल मले."

मी हसले. मग रडले, जे सभेत रडले नव्हते ते सगळं. मृणालनं मला खाटेवर बसवलं आणि बायनॉक्युलर हातात दिली. हेलिक्स दिसला की नाही ते मी सांगत नाही, कारण माझ्या डोळ्यांची अवस्था सांगण्यासारखी नव्हती, आणि तुझ्यासमोर खोटं बोलायची माझी छाती नाही. ती म्हणाली, मावशी, भाषण द्यायचं असेल तर द्या. मामा घरात गेलेत. मी ऐकते.

मग मी उठून उभी राहिले आणि दिलं. सगळं. तुझी चूक काय होती, कशी होती, साठवण्यांसारखी माणसं कशी तयार होतात, शहाण्यांनी तोंड मिटून घेतलं की त्यात त्यांचं किती फावतं, पोरीबाळींना दिसलेलं त्यांच्यापासून काढून घेणं हे पाप कसं आहे, मी तुला तलावाशी काय काय म्हटलं होतं आणि ते शब्दाशब्दाला कसं खरं ठरलं. काळ्या झाडांसमोर उभी राहून, हातवारे करून. मृणाल खाटेवर गुडघे जवळ घेऊन बसली होती. मधूभाऊ एकदा दारात येऊन गेला. पूर्वेला, नागपूरच्या पिवळ्या उजेडातून चंद्र वर येईपर्यंत मी बोलत होते, आणि तू मला एकदाही म्हटलं नाहीस, पुरे कर आता वं कुंदे.